उकळलेल्या खारकांचा उन्हाळा

सालेमची गाडी आज सकाळी येऊन गेली. दर जूनमध्ये येते. माझ्या नवऱ्याच्या जुन्या मालकाचा हा मुलगा. इब्रा गावाहून मस्कतला कामासाठी आला की तो अल् खुवैरला आमच्या इमारतीखाली थांबतो, वॉचमनच्या हातात एक प्लास्टिकची बादली देतो आणि वर न येताच निघून जातो. बादलीत ताजा खजूर असतो, अर्धा पिवळा कडक, अर्धा मऊ पडलेला. लोक त्याला मध म्हणतात, अमृत म्हणतात. मला तो बघवत नाही. तासाभरात त्याला पाणी सुटतं, बादलीच्या कडेनं चिकट ओघळ खाली येतात, ओट्यावर गोल डाग पडतो. चौथा मजला, सगळ्या खिडक्या बंद, एसी चालू, तरी कुठून तरी माशी येतेच. माझी सून मेधा बादलीचा फोटो काढते, मैत्रिणींना पाठवते आणि बादली फ्रिजमध्ये कोंबते. चार दिवसांनी सगळं आंबतं. मग ते टाकायला मी जाते, कारण बाकी सगळे ऑफिसात.

हा गोड आंबूस वास नाकात गेला की मला तो उन्हाळा आठवतो. माझी नात ईशा बारावी झाली तो. आठवायची इच्छा नसते, पण नाकाला कोण सांगणार.

आधी आम्ही इथं ओमानला कसे ते सांगते. माझा नवरा गणपत इब्राला सालेमच्या बापाकडे कामाला होता. बागांना पाणी देणारे पंप दुरुस्त करायचा. आम्ही चिपळूणच्या बाजूचे. मी गावाला, तो इथं, असा आमचा संसार. त्याच्यासाठी कुणी देश निवडला नाही आणि त्यानंही निवडला नाही. देश होताच. गावात घर होतं, आंब्याच्या फांदीवरून चुलतभावांशी भांडण होतं. काम तेवढं इब्राला होतं. पुढं त्याचे पाय सुजायला लागले तेव्हा अर्बाबनं, म्हणजे मालकानं, तिकीट काढून दिलं. गणपत घरी आला, ओटीवर खुर्ची टाकून बसला, येणाऱ्याजाणाऱ्याला शिव्या दिल्या आणि वर्षभरानं गेला. तो निकामी होऊन आला होता, खोकत होता, अंगणात थुंकत होता. मला किळस यायची. पण हा म्हातारा आता इथं कशाला आला, असं कुणी म्हणालं नाही. म्हणूच शकलं नसतं.

माझा मुलगा संजय इंजिनियर झाला आणि तोही इकडेच आला. बापासारखा इब्राच्या खोलीत सहा जणांत नाही, मस्कतला कंपनीत. लग्न करून मेधाला आणलं, ईशा इथंच झाली. मी एकटी पडल्यावर खटपट करून त्यानं माझं इथलं रहिवासाचं कार्ड काढलं. म्हातारपणी माणसाला हवं तेवढं सगळं इथं आहे. रस्ता स्वच्छ, दवाखाना स्वच्छ, लोक सभ्य. वाईट बोलायला जागा नाही आणि मी बोलतही नाही. पाहुण्यानं यजमानाच्या घरातल्या कोळिष्टकांवर बोट ठेवू नये, एवढं मला कळतं.

माझी किळस आहे ती आमच्या माणसांची.

आमच्या घरात कपाटावर टीव्हीचं खोकं आहे. फ्रिजचं आहे, मिक्सरचं आहे, आतल्या थर्माकोलसकट. जायची वेळ आली की सामान नीट भरता यावं म्हणून. टीव्ही तीनदा बदलला, खोकं बदलून पुन्हा वर. सोफ्यावरचं प्लास्टिक मी आले तेव्हाही होतं. उन्हाळ्यात मांडीला चिकटतं आणि उठताना कातडं सोलल्यासारखा आवाज होतो. एकदा मी फ्रिजचं खोकं उघडलं तर आत झुरळांचं अख्खं गाव. आजे, पणजे, बाळंतिणी. मी मेधाला म्हटलं, "बघ, यांनी मुक्काम टाकला. तुम्हालाच जमत नाहीये." तिनं फवारा मारला आणि खोकं पुन्हा वर ठेवलं.

आणि हे आमचंच नाही. सगळ्या घरांत असंच. जेवढी वर्षं राहिले तेवढी वर्षं निघण्याच्या तयारीत. निघाले मात्र कुणीच नाहीत. पुण्याला फ्लॅट घेतलाय, त्यात कबुतरं राहतात. जुलैत आम्ही जातो तेव्हा पहिले दोन दिवस बाल्कनीतली त्यांची घाण खरवडण्यात जातात. संजय तोंडाला फडकं बांधतो आणि "आपलं घर, आपलं घर" म्हणतो. ईशाला शिंका येतात, मग ताप, मग जुलाब. तिला भारत म्हणजे कबुतरांची घाण, जुलाब आणि गाल ओढणाऱ्या मावश्या. त्या पोरीला दोष कसा देऊ?

तर तो उन्हाळा. मे महिन्यात बारावीचा निकाल लागला. चांगला लागला. आमच्या गावात असा निकाल लागला असता तर पेढे वाटून, मुलीला कुठल्या कॉलेजात घालायचं एवढाच घोर राहिला असता. इथं घोर देशाचा. तिला कुठल्या देशात घालायचं.

संध्याकाळी आमच्याकडे लोक जमायचे. एसीची घरघर, चहा, चकल्या, आणि देशांचा बाजार. मी कोकणातली, मासळीबाजारात वाढलेली. मला ते बोलणं ऐकून तोच वास यायचा.

"कॅनडाचं आता काही खरं नाही हो."

"मग ऑस्ट्रेलिया बघा."

"महाग पडतं. आयर्लंड?"

"पाऊस फार. आणि तिकडे राहायला खोल्या मिळत नाहीत म्हणे."

"जर्मनी घ्या. फी नाही."

"भाषा आहे पण."

"भाषा काय, सहा महिन्यांत येते. पीआर लवकर होतं का ते बघा."

हलवा नको तर सुरमई घ्या, सुरमई महाग तर बांगडा घ्या, कल्ले वर करून बघा, ताजा आहे का. एकाही देशाची माणसं कशी आहेत, ती काय खातात, म्हाताऱ्यांना कसं वागवतात, हे कुणी विचारत नव्हतं. पीआर. हा शब्द मी त्या उन्हाळ्यात इतक्यांदा ऐकला की मला वाटलं एखाद्या देवाचं नाव असावं. पीआर म्हणजे कायम राहायची परवानगी, असं ईशानं मला समजावून सांगितलं. मी म्हटलं, "परवानगी आणि तीही कायमची? मग ती मागायची कशाला?" ती हसली. तिला माझं बोलणं गमतीचं वाटतं.

दुसऱ्या मजल्यावरच्या देशपांडेबाई एकदा मला म्हणाल्या, "आजी, तुम्हाला नाही कळायचं. आपल्याकडे काय आहे सांगा ना. ट्रॅफिक, खड्डे, रिझर्वेशन, प्रदूषण. मुलांना तिकडे कशाला टाकायचं?"

मी म्हटलं, "आणि इथं ठेवायचं नाही?"

"इथं कसं ठेवणार? हे काय आपलं आहे?"

"मग आपलं कुठलं?"

त्या चकली मोडत राहिल्या. पंचवीस वर्षं ज्या गावचं पाणी प्यायलं ते आपलं नाही, जिथं जन्मलो तिथं काही नाही, आणि जिथं कधी पाय ठेवला नाही ते आपलं होणार. असल्या विचारांनी मला मळमळतं. खरंच मळमळतं.

आमच्या घरानं तर कमाल केली होती. ईशा शाळेत पाचवी-सहावीत होती तेव्हा तिसरी भाषा निवडायची होती. अरबी होती, हिंदी होती, फ्रेंच होती. मेधानं आणि संजयनं फ्रेंच घेतली. का, तर कॅनडात फ्रेंच बोलणाऱ्याला जास्त गुण देतात. पोरगी अकरा वर्षांची, बाहेर सगळ्या पाट्या अरबीत, भाकरीवाला अरबीत ओरडतो, मशिदीतून दिवसातून पाच वेळा अरबी कानावर पडते, आणि ही घरात बसून फ्रेंच घोकते. जिथं राहते तिथलं वाचता येत नाही. आणि जिथं जायचं होतं त्या कॅनडानं ऐन वेळी दार ओढून घेतलं. मग फ्रेंच खलास. लॅपटॉपवर जर्मन शिकवणारी बाई आली, 'इश, दू' करत. मी शेजारी भाजी निवडत बसायची. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, सगळं तोंडात कोंबलेलं. माझ्याशी मराठी बोलताना मात्र ती वाक्याच्या मध्येच थांबायची, अंधारात पायरी चाचपडावी तशी.

एका हॉटेलात मेळावा होता परदेशी शिक्षणाचा. मलाही नेलं, घरी एकटी नको म्हणून. मोठा गारढोण हॉल, टेबलं मांडलेली, प्रत्येक टेबलावर एकेक झेंडा. आईबाप पोरांना दंडाला धरून एका झेंड्यापासून दुसऱ्या झेंड्यापर्यंत फिरवत होते. आमच्याकडे जत्रेत म्हशी फिरवतात तेव्हा निदान म्हशी ढुशा मारतात तरी. ही पोरं निमूट चालत होती. हातात फुकट पिशव्या, पिशव्यांत फुकट पेनं. टाय लावलेला एक मुंबईचा मुलगा मला म्हणाला, "आजी, काळजी नको. पुढे नात सेटल झाली की तुम्हालासुद्धा तिकडे नेता येईल."

मी म्हटलं, "मला न्यायला चार माणसं पुरतात. आणि त्यांना विसा लागत नाही."

मेधा रागावली. "आई, लोकांसमोर काय हे!" मग गाडीत बसल्यावर तिलाच हसू फुटलं आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. ती तशी वाईट नाही. रात्रंदिवस त्या पोरीच्या काळजीत असायची. केस पांढरे झाले तिचे त्या दोन महिन्यांत, रंग लावायला फुरसत नव्हती. काळजी खरी होती. त्या काळजीचं काय करायचं हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून सगळे मेळाव्याला जायचे.

जूनच्या शेवटी सालेमनं आम्हाला इब्राला बोलावलं. त्यांच्याकडे खारका उकळायचा हंगाम होता. गणपत दर वर्षी त्याच्या गोष्टी सांगायचा, मी कधी पाहिलं नव्हतं. शुक्रवारी पहाटे निघालो. डोंगर बघवत नाहीत तिकडचे. झाड नाही, गवत नाही, भाजलेल्या वांग्यासारखे काळेतपकिरी. इब्राला गाडीचं दार उघडलं आणि झळ अशी आली की माझे डोळे सुकले.

खजुराच्या बागेत भिंतीएवढं मातीचं चुलवण. त्यावर तांब्याच्या काहिली, आपल्याकडे गुळाच्या असतात तशाच. खाली खजुराचे ओंडके आणि वाळक्या झावळ्या धडधडत होत्या. झाडावर चढलेला माणूस पिवळ्या फळांचे घोस दोरीनं खाली सोडत होता. चढणारा बांगलादेशी, जाळ घालणारा बांगलादेशी, झाऱ्यानं खारका उपसणारा बांगलादेशी. धूर, घाम, गोड चिकट वाफ, पायाखाली चेंगरलेली फळं, त्यावर गांधीलमाश्या. माझ्या चपला जमिनीला चिकटत होत्या. संजय फोटो काढत "आई, किती ऑथेंटिक!" म्हणत होता. मला ओकारी येत होती.

सालेमची आई सावलीत चटईवर बसली होती. तिला सगळे उम्म सालेम म्हणतात. माझ्याच वयाची, तोंडाळ, माझ्यासारखीच. कामगारांबरोबर आयुष्य काढल्यानं तिला मोडकीतोडकी हिंदी येते, मलाही तेवढीच येते. मला जवळ बसवून कॉफी ओतली आणि पहिलं वाक्य म्हणाली, "गनपत अच्छा आदमी. बहुत गुस्सा करता."

"मालूम है," मी म्हटलं.

ती हसली. मग हनुवटीनं पलीकडे दाखवलं. तिचा नातू गाडीत बसला होता. गाडी चालू, एसी चालू, काचा वर, हातात मोबाईल. "देखो. मेरा नाती. इधर नहीं आता. बोलता है, धुआं है, कपड़ा खराब होता है. खजूर नहीं खाता, चॉकलेट खाता. मैं मरेगी तो ये खारक कौन पकाएगा? ये बंगाली पकाएगा. बंगाली घर जाएगा तो?" तिनं हात झटकला. "मुल्क इधर, जमीन इधर, पानी इधर. बच्चा उधर, मोबाइल में."

म्हणजे तिचीही तीच गत. तिला देश आहे, नातू नाही. मला नात आहे, नातीला देश नाही. दोघी जणी काहिलीकडे तोंड करून बसलो आणि आपापल्या पोरांच्या नावानं नाकं मुरडली. बरं वाटलं मला. बऱ्याच महिन्यांत कुणी माझ्यासारखं वैतागलेलं भेटलं नव्हतं.

मी विचारलं, ही फळं पिकू का देत नाहीत? झाडावर पिवळी, कडक असतानाच का काढतात? उम्म सालेम म्हणाली, पिकलेला खजूर घरी खायचा, तो दोन दिवसांत सडतो. बाहेर पाठवायची ती जात वेगळी. ती कच्चीच काढायची, उकळायची, उन्हात टाकायची, दगड होईपर्यंत. मग बोटीनं कुठंही जाते. "तुम्हारा बंबई जाता है, शादी में."

मी जन्मभर या खारका हाताळल्या होत्या. लग्नाच्या ओटीत घातल्या, बाळंतपणात कुटून खाल्ल्या, ईशाच्या बारशाला गावात वाटल्या. झाडावरचं ते पिवळं टवटवीत फळ मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. बाजूला एक बांगलादेशी झारा आपटून खारका चटईवर ओतत होता, वाफा निघत होत्या, सालं सुरकुतत होती. मी एक उचलली. बोट भाजलं. आत बी होती, पण उकळलेली. ती कुठं रुजणार!

ईशा तेवढ्यात माझ्याजवळ येऊन बसली, ओढणीनं वारा घेत. उम्म सालेमनं तिची हनुवटी धरून विचारलं, "तुम किधर जाएगा पढ़ने को?"

"जर्मनी."

"क्यूं? तुम इधर पैदा हुआ."

ईशा नुसती हसली. मला लाज वाटली, की दोन महिने घरात एवढी चर्चा चालू होती आणि हा साधा प्रश्न एका परक्या बाईनं विचारावा. मी तिला मराठीत विचारलं, "खरं सांग. तुला कुठं राहायचंय?"

तिनं आधी बापाकडे पाहिलं. तो लांब होता. मग म्हणाली, "इथंच, आजी. म्हणजे मस्कतला. मला इथलंच सगळं माहीत आहे. पण ते ऑप्शनमध्येच नाहीये ना."

सालेम पाणी घेऊन आला होता. उम्म सालेमनं त्याला अरबीत काहीतरी सांगितलं. तो ईशाकडे बघून प्रेमानं म्हणाला, "इन्शाल्ला, इन्शाल्ला," आणि पेले ठेवून गेला. इथं राहणाऱ्या कुणालाही विचारा, अशा वेळचं इन्शाल्ला, देवाची मर्जी असेल तर, म्हणजे गोड शब्दांत नाही. चांगला माणूस आहे सालेम. पण त्याच्या हातात तरी काय होतं?

परतताना गाडीत मी संजयला म्हटलं, "पोरीला मस्कत हवंय."

"आई, तिच्या डोक्यात काही भरवू नकोस."

"भरवायला जागा कुठं ठेवलीय तुम्ही? तीन-तीन भाषा कोंबल्यात."

त्यानं आरशात मागं पाहिलं. मागं मेधा आणि ईशा झोपल्या होत्या. मग हळूच म्हणाला, "आई, माझं कार्ड नोकरीवर आहे. नोकरी गेली की आपण सगळे गेलो. दर वेळी कार्ड रिन्यू झालं की मी सुटलो म्हणतो, पुढच्या वेळेपर्यंत. तीस वर्षं हे करतोय. तिनं असं जगू नये एवढंच मला हवंय. कुठं का होईना, कुणी तिला उठवू शकणार नाही अशी एक जागा."

"मग पुण्याला ठेव. तिथून कोण उठवतंय?"

"पुण्याला? तिला तिथं श्वास घेता येत नाही."

"मलाही येत नाही," मी म्हटलं. "मला तर पुण्याची शिसारी येते. पण रस्त्यात उभं राहून ओरडता येतं ना, की शिसारी येते म्हणून! नगरसेवकाला तोंडावर हरामखोर म्हणता येतं. इथं आपण कधी मोठ्यानं बोललो? गाडीचा हॉर्न वाजवतानासुद्धा तुझा हात कचरतो. ती जिथं जाईल तिथं जन्मभर गोड बोलत राहील, मेल्या. आजारी पडली, नोकरी गेली, नवऱ्यानं टाकली, म्हातारी झाली, डोकं फिरलं, तरी सॉरी आणि थँक्यूच. निकामी माणसाला जिथं ठेवून घेतात ना, तो देश. बाकी सगळी नोकरीची ठिकाणं."

"तुझं बरोबर आहे," तो म्हणाला. "पण ते मी कुठून आणू?"

मला पुणं द्यायचं होतं तिला, आणि पुणं तिला घेत नव्हतं. फुकाचं तोंड वाजवलं झालं. त्यानं डावा डोळा पुसला, मी खिडकीबाहेरच्या त्या भाजलेल्या डोंगरांकडे बघत राहिले. गाडीत आमच्या कपड्यांना त्या वाफेचा वास येत होता. घरी आल्यावर दोनदा धुतले तरी गेला नाही.

ऑगस्टात जर्मनीचं पत्र आलं. घरी केक कापला. ईशानं आपली खोली इतकी नीट आवरली की हॉटेलची वाटावी. भिंतीवरची चित्रं काढली, त्यांचे चिकटपट्टीचे डाग ओल्या फडक्यानं पुसले. मेधा म्हणाली, "बघा आई, किती शहाणी झाली." अठरा वर्षांची पोरगी आईबापाच्या घरातून जाताना मागं पसारा ठेवते. निदान एखादी फुटकी चप्पल तरी.

त्याच वर्षी गणपतीत आमच्या मंडळात एका गृहस्थांनी भाषण केलं. भाषण कुणालाच चुकत नाही. म्हणाले, आपण आखाती मराठी माणसं या ओमानच्या खारकेसारखी आहोत, कुठंही जातो, प्रत्येक मंगल कार्यात शोभतो, आपला गोडवा टिकवतो. टाळ्या पडल्या. मला उठून सांगावंसं वाटलं की अहो, इब्राला जाऊन या एकदा. टिकते ती गोडव्यानं टिकत नाही. कच्ची तोडून उकळलेली असते म्हणून टिकते. पण मोदक वाटायला सुरुवात झाली आणि ते मोदकही फ्रोझन, आतून गार. मी एक चावून नॅपकिनात थुंकला.

त्याला आता तीन वर्षं झाली. ईशा तिकडे खूश आहे म्हणते. फोनवर बोलताना माझ्याशी अजून नीट मराठी बोलायचा प्रयत्न करते. तिचं इथलं कार्ड मात्र गेलं. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की रहिवास संपतो, असा नियम आहे. नियमाला मी नावं ठेवत नाही. त्यांचं घर, त्यांचे नियम. आमच्या घरात कुणाच्या लक्षातच आलं नाही, कारण सगळ्यांचं लक्ष पुढच्या परवानगीकडे होतं.

गेल्या महिन्यात चिपळूणला माझ्या भाचीच्या मुलीचं लग्न होतं. ईशा जर्मनीहून थेट मुंबईला आली, मी मस्कतहून गेले. लग्न झालं, घामाच्या धारा, पंगतीत केस सापडलेली आमटी, सगळं रीतसर झालं. मी आचाऱ्याला मनसोक्त झापलं. मग आम्ही दोघी एकाच विमानानं मस्कतला आलो, तिच्या आईबापाकडे.

उतरल्यावर एका लांबलचक दालनात दोन वाटा फुटतात. एकीकडे रहिवासी, एकीकडे पाहुणे. ईशा सवयीनं माझ्याबरोबर रहिवाशांच्या वाटेनं चार पावलं आली, मग थबकली. "आजी, माझी लाइन ती," म्हणाली आणि पट्ट्याखालून वाकून पलीकडे गेली.

मी सत्तरी ओलांडल्यावर या देशात आलेली बाई. इथल्या मातीत माझं काही नाही. माझ्या बोटांचे ठसे भांडी घासून इतके पुसलेत की यंत्राला सापडत नाहीत, म्हणून मला खिडकीवर पाठवलं. खिडकीवरच्या मुलीनं कार्ड बघितलं, "माशाल्ला, हज्जिया," म्हणाली, इथं म्हाताऱ्या बायकांना मानानं म्हणतात तसं, आणि मला सोडून दिलं. मी पलीकडे जाऊन बाकावर बसले. काचेपलीकडे माझी नात दिसत होती. पुढं रशियन की कुठले तरी लाल पडलेले लोक, मागं टोप्या घातलेलं एक सहलीचं टोळकं, मध्ये ही. याच शहरात जन्मली, इथंच चालायला शिकली, इथल्याच समुद्रावर पडून गुडघा फोडून घेतला. त्या टोळक्यातल्या एका बाईनं तिला ढकलून आपली बॅग पुढं सारली. ईशानं तिला जागा करून दिली.

खिडकीवरच्या माणसानं तिचा पासपोर्ट पाहिला, जर्मनीचं कार्ड पाहिलं. त्या जर्मन कार्डावर तिला विसाशिवाय दोन आठवडे राहायला मिळाले. शिक्का बसला. ती बॅग ओढत माझ्याकडे आली, तोंडावर हसू.

"आजी, माहितीये, त्यानं मला काय म्हटलं? वेलकम टू ओमान. आणि बघायची ठिकाणं कुठली कुठली ते पण सांगितलं."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? थँक्यू म्हटलं."

माझं डोकं फिरलं. मी चांगल्या खणखणीत आवाजात म्हटलं, "थँक्यू कसलं? त्याला सांगायचं होतंस, मेल्या, तू दुधाच्या बाटलीवर होतास तेव्हा मी इथं जन्मलेय, तू कोण मला वेलकम करणारा!"

आजूबाजूचे दोघंतिघं वळून पाहू लागले. ईशाच्या तोंडावरचं हसू गेलं. तिनं झटकन खिडकीकडे पाहिलं, मग पोलिसाकडे, मग त्या दोघातिघांकडे पाहून मान किंचित झुकवून ती हसली. माफी मागतात तसं.

मग माझं कोपर घट्ट धरून कानाशी लागली. "आजी, हळू. प्लीज, हळू बोल."